जिप्सीचं इंजिन बदललं: घरच्या शेडमधल्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

गाडी मारुती जिप्सी किंग, १९९७ ची. इंजिन जी१३बीए, १२९८ सीसी, आठ व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरवालं. नोव्हेंबरात एका लांब चढावर लो-गिअरमध्ये चालवताना काटा लाल पट्टीत गेला. थांबायला जागा नव्हती, म्हणून पुढच्या सपाटीपर्यंत तशीच चढवली. ती पाच-सात मिनिटं महागात पडली. त्या दिवसापासून गाडी सुरू होते, पण दोन सिलेंडर मेल्यासारखी थरथरते आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात.

आज कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं. चारही प्लग काढले, कॉइलची वायर सोडली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला भाच्याला आत बसवलं. इंजिन नीट तापवता येत नाही, म्हणून गार असतानाच आकडे घेतले: पहिला ११.५, दुसरा ६, तिसरा ५.५, चौथा ११ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). मॅन्युअलप्रमाणे १४ हवेत, १२ च्या खाली गेलं तर इंजिन उघडा, आणि सिलेंडरा-सिलेंडरात १ किलोपेक्षा जास्त फरक नको.

शेजारचे दोन सिलेंडर एकदम पडले म्हणजे मधलं हेड पॅकिंग (ब्लॉक आणि त्याच्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) जळलेलं असणार. तरी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. दुसरा जागचा हलला नाही. तिसरा मात्र साडेसातवर गेला. ऑइलने आकडा चढतो तेव्हा गळती रिंगांकडून असते. मला हवं होतं ते उत्तर हे नव्हतं.

७ जानेवारी, रविवार

हेड काढलं. दोन आणि तीनच्या मधली पॅकिंगची पट्टी करवंदासारखी काळी होऊन तुटलेली. हेडच्या तळावर सरळपट्टी तिरकी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सारलं, तर ०.३० मिमीची पाती आरामात आत गेली. चालतो तो फरक ०.०५.

तिसऱ्या सिलेंडरमध्ये उभे ओरखडे आहेत. नख फिरवलं की अडकतं. नख अडकलं की होनिंगने, म्हणजे बोअर वरवर घासून, भागत नाही.

या इंजिनाचं हेडही ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉकही, आत ओतीव लोखंडाचे लायनर. १९८५ साली जिप्सी आली तेव्हाचं ९७० सीसीचं इंजिन लोखंडी ब्लॉकचं होतं, जड पण सोशीक. ॲल्युमिनियम उष्णता लवकर सोडतं, वजनालाही हलकं, पण एकदा मर्यादेपलीकडे तापलं की वाकतं आणि वाकलेलंच राहतं. हेड प्लेन करून, बोअर वाढवून, ओव्हरसाइज पिस्टन घालून हे इंजिन उभं करता येईल. पण व्हॉल्व्हच्या सीटजवळ एक केसासारखी रेघ दिसते आहे आणि ती चीर असली तर सगळा खर्च पाण्यात. याच जातीचं चांगलं वापरलेलं इंजिन शोधायचं ठरवलं.

सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारं इंजिन) का नाही घालत, असं तीन जणांनी विचारलं. २००० पासूनच्या जिप्सीत ते यायचं, ६० च्या जागी ८० बीएचपी मिळतात, मोह होतोच. पण त्याच्याबरोबर ईसीयू (इंजिनचा संगणक), सगळी वायरिंग, सेन्सर आणि जास्त दाबाचा पेट्रोल पंप येतो. आडरानात गाडी बंद पडली तर कार्ब्युरेटर मला स्क्रू ड्रायव्हरने उघडता येतो. माझ्यासाठी हे कारण पुरेसं आहे.

१३ जानेवारी, शनिवार

इंजिन मिळालं. मोडीत निघालेल्या एका गाडीतलं, आणि अजून गाडीतच बसवलेलं होतं, हे सगळ्यात चांगलं झालं. जमिनीवर ठेवलेल्या इंजिनाबद्दल विकणारा सांगेल ते ऐकावं लागतं. गाडीतल्या इंजिनाला आपण विचारू शकतो. सुरू करून तापवलं आणि मोजलं: १३, १२.८, १३, १२.६. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरी साय नाही. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून चालवलं, बुडबुडे नाहीत. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर नाही.

आधी त्या गाडीची कागदपत्रं पाहिली, ब्लॉकवरचा नंबर कागदावर पेन्सिलने घासून उतरवून घेतला, ताडून पाहिला, मगच पैशाचं बोलले. इंजिन नंबर बदलला की आरसीत नोंद करून घ्यावी लागते. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा कागद आधीच हातात असलेले बरे.

१४ जानेवारी, रविवार

आज नव्या इंजिनाला हातही लावला नाही. जुनं का गेलं ते आधी बघायचं होतं. शेजारचे काका आयुष्यभर फिटर म्हणून राबलेले. काल इंजिन उतरवताना ते एवढंच म्हणाले, “अगं, आधीचं कशानं मेलं ते कळल्याशिवाय दुसरं आत घालू नकोस. नाहीतर हेही त्याच वाटेनं जाईल.”

रेडिएटर काढला. बाहेरून जाळीच्या पापुद्र्यांत वाळलेला चिखल ठासून भरलेला. समोरून दिसत नव्हता, कारण पुढच्या बाजूला वरवर पाणी मारून मी तो दरवेळी आतच ढकलत होते. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने तासभर धुतला तेव्हा पलीकडचा उजेड दिसू लागला.

आतली गत त्याहून वाईट. वरच्या तोंडातून पाण्याची नळी लावली तर पाणी खाली यायच्या ऐवजी वर तुंबून तोंडातून उसळलं. नळ्यांत पांढरट-तांबूस खर. तीन वर्षं मी कुलंट न घालता विहिरीचं पाणी घालत होते. पाणी क्षाराचं, भांड्यांवर डाग पडतात ते दिसतं, रेडिएटरच्या नळीत काय चाललंय ते दिसत नाही. आणि कुलंट फक्त थंडीसाठी असतं हा माझा समज चुकीचा होता. त्यातली गंजरोधक द्रव्यंच ॲल्युमिनियमला वाचवतात.

थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लोंबकळत सोडला, शेजारी थर्मामीटर. त्यावर ८२ अंश छापलेलं. ९० पर्यंत ढिम्म. पाणी उकळायला लागलं तेव्हा जेमतेम दोन मिलिमीटर उघडला.

म्हणजे रेडिएटर बाहेरून बुजलेला, आतून तुंबलेला आणि थर्मोस्टॅट अर्धा मिटलेला. काटा लाल पट्टीत उगाच गेला नव्हता. रेडिएटरचा गाभा नवा टाकून घेणार, थर्मोस्टॅट नवा, रबरी होज सगळे नवे.

२० जानेवारी, शनिवार

जुनं इंजिन बाहेर.

बॅटरीची निगेटिव्ह आधी. बोनेट काढून भिंतीला टेकवलं. कुलंट, ऑइल उतरवलं. ॲक्सिलरेटर, चोक आणि क्लचच्या केबल, पेट्रोलचे पाइप, स्टार्टर, अल्टरनेटर. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच आकड्याच्या चिकटपट्ट्या, आणि भाच्याने प्रत्येक टप्प्याचा फोटो घेतला. सायलेन्सरच्या तोंडाचा एक स्टड तुटला. आदल्या रात्रीपासून गंज सोडवायचं तेल मारत होते, तरी तुटला.

बेल हाऊसिंगचे (गिअरबॉक्सचं इंजिनला जोडलेलं पुढचं कवच) खालचे बोल्ट दहा मिनिटांत निघाले. वरच्या दोघांना चाळीस मिनिटं लागली. गोटीला दोन एक्स्टेंशन जोडून, मध्ये युनिव्हर्सल जॉइंट घालून, गाडीखालून गिअरबॉक्सच्या वरून हात घालावा लागतो. डोळ्यांना काही दिसत नाही, बोटांनी बोल्टचं डोकं शोधायचं. गिअरबॉक्स गाडीतच ठेवला. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून सुटा असतो, मध्ये एक आखूड शाफ्ट. त्यामुळे सगळं एकत्र ओढून काढण्यात अर्थ नाही. गिअरबॉक्सखाली जॅक आणि लाकडी ठोकळा लावला. आधार न देता इंजिन काढलं तर गिअरबॉक्स पुढे झुकून मागचं माउंटिंग पिळतं.

लोखंडी पाइपांच्या तिकाटण्यावर चेन कप्पी लावली. शेडच्या छताला टांगायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असला तरी डोक्यावर लोंबणारं इंजिन ते लोंबणारं इंजिन. आधी सरळ पुढे, गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमधून पूर्ण सुटेपर्यंत, मगच वर.

वर घेत असताना भाचा ओरडला, “मावशी, थांब! मागं काहीतरी ओढतंय.” इंजिनच्या मागून फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) गेलेली एक विणलेली पट्टी ताणली गेली होती. इंजिन अधांतरी असतानाच वाकून बोल्ट सोडला, पट्टी फायरवॉलच्या बाजूला दुमडून ठेवली आणि पुढे गेलो.

२७ जानेवारी, शनिवार

नवं इंजिन स्टँडवर. धुऊन काढलं. इंजिन बाहेर असताना जे दहा मिनिटांत होतं ते आत बसल्यावर दोन दिवसांचं काम होतं, म्हणून आज घाई केली नाही.

क्रँकचं मागचं ऑइल सील नवं. जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर बारीक खाच पाडलेली दिसली. नवं सील थोडं कमी खोल बसवलं, म्हणजे त्याचा ओठ न झिजलेल्या जागेवर टेकेल. फ्लायव्हीलच्या मध्यातलं, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग, क्लच प्लेट, वॉटर पंप आणि ब्लॉकची भोकं बुजवणारे वेल्श प्लगही नवे.

टायमिंग बेल्ट घातला, खुणा जुळवल्या, टेन्शनर सोडला. क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे दिले आणि पुन्हा पाहिलं, तर कॅमची खूण एका दाताने मागे. बेल्टची सैल बाजू टेन्शनरने ओढली तेव्हा सरकली असावी. सगळं सोडून पुन्हा केलं. पुन्हा दोन फेरे. आता बरोबर. ते दोन फेरे दिले नसते तर हे इंजिन सुरू झाल्यावर महिनाभर कार्ब्युरेटरला दोष देत बसले असते.

२८ जानेवारी, रविवार

माउंटिंगच्या ब्रॅकेटच्या एका भोकातले आटे गेलेले. बोल्ट घट्ट होतोय असं वाटतं आणि मग एकदम सैल फिरतो. जास्त जोर लावण्याआधी हात थांबला. हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग) बसवला. ॲल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट नेहमी हाताने, शेवटपर्यंत बोटांनी फिरवत न्यायचा. बोटांनी जात नसेल तर तो तिरका आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस विसरणार नाही.

सकाळी क्लच प्लेट मध्यावर धरून प्रेशर प्लेट आवळली. प्लेटची बाजू दोनदा तपासली. हबचा लांब भाग गिअरबॉक्सकडे. दहा वाजता इंजिन गाडीत उतरवलं. माउंटिंगवर टेकू न देता कप्पीवरच लोंबत ठेवून मागे सरकवलं. शाफ्ट क्लचच्या खाचांत शिरला, सरकत गेला आणि थांबला. इंजिन आणि बेल हाऊसिंगच्या मध्ये बोटभर फट.

भाचा गाडीत बसला, चौथा गिअर टाकला. मी पुढून क्रँक पाना लावून हळूहळू फिरवला. खाचा जुळल्या नसतील तर एवढ्याने जुळतात. दोन मिलिमीटर सरकलं, पुन्हा थांबलं. हलवून पाहिलं, डावी-उजवी करून पाहिलं. बारा वाजले. साडेबारा वाजले.

अशा वेळी सगळ्यांना एकच सुचतं: लांब बोल्ट घालायचे आणि आवळत आवळत ओढून घ्यायचं. मीही बोल्ट हातात घेतला होता. काका खुर्चीवरून उठले नाहीत, एवढंच म्हणाले, “फट मोजलीस का?”

मोजली नव्हती. व्हर्निअर आणला. वर चौदा, खाली नऊ.

मग सगळं लख्ख दिसलं. इंजिनचं मागचं तोंड वर उचललेलं होतं आणि गिअरबॉक्सचं तोंडही वर बघत होतं. दोन्ही एका रेषेत नव्हते, त्यामुळे शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगच्या तोंडावर तिरकं टेकून अडलं होतं. बोल्ट आवळले असते तर बेअरिंग फुटलं असतं किंवा बेल हाऊसिंगचा कान, आणि ॲल्युमिनियमचा कान तुटला की त्याला वेल्डिंगचं दुकान शोधत फिरा.

कप्पीची साखळी एक कडी पुढे घेतली, म्हणजे इंजिन मागून खाली आलं. गिअरबॉक्सखालचा जॅक एक-एक टिचकी खाली. मोजलं: वर तेरा, खाली दहा. पुन्हा: बारा आणि अकरा. पुन्हा: साडेअकरा आणि साडेअकरा. डावी-उजवीही सारखी. भाच्याला म्हटलं, “आता नुसतं ढकल, जोर नको.” त्याने दोन्ही तळवे टेकले, मी क्रँक किंचित फिरवला आणि इंजिन एका मऊ ठोक्यासह आत गेलं. फट शून्य. डॉवेल पिना आपापल्या भोकांत. मग बोल्ट घातले, सगळे बोटांनी फिरले.

तीन तास अडलेलं काम वीस मिनिटांत झालं. काका चहा घेऊन घरी गेले.

४ फेब्रुवारी, रविवार

माउंटिंग, स्टार्टर, अल्टरनेटर, सायलेन्सर, केबली. नवा गाभा घातलेला रेडिएटर, कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. क्लच केबलला पेडलवर थोडी मोकळीक.

१० फेब्रुवारी, शनिवार

पहिल्यांदा सुरू करायचा दिवस. प्लग काढून ठेवले होते, म्हणजे कॉम्प्रेशनचा भार न पडता ऑइल वर चढेल. किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. स्टार्टर फिरेना. बॅटरी भरलेली, व्होल्टमीटर साडेबारा दाखवतोय.

मी स्टार्टरच्या वायरी तपासत होते, किल्ली भाच्याकडे. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा कुठून तरी रबर तापल्याचा वास आला. हात ॲक्सिलरेटरच्या केबलला लागला आणि चटका बसला. “बंद कर! किल्ली काढ!”

केबल का तापावी? कारण करंटला इंजिनमधून परत जायला दुसरी वाटच नव्हती. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला, आणि इंजिन-बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी फायरवॉलला दुमडलेली, जिथे मी २० तारखेला ठेवली होती. स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट मिळेल त्या धातूतून, म्हणजे त्या बारीक केबलमधून परत जात होता. चिकटपट्टी न लावलेली ती एकच वस्तू होती, कारण ती घाईत, इंजिन अधांतरी असताना सोडली होती.

पट्टीची दोन्ही टोकं सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, आवळली. ॲक्सिलरेटरची केबल बदलायची, आतलं अस्तर वितळलेलं असण्याची भीती आहे आणि अडकून बसणारी ॲक्सिलरेटर केबल मला नको.

११ फेब्रुवारी, रविवार

नवी केबल. पुन्हा प्लगशिवाय फिरवलं. दहा सेकंद, थांबा, दहा सेकंद. तिसऱ्या खेपेला ऑइलचा दिवा विझला. प्लग घातले, वायरी १-३-४-२ या फायरिंग ऑर्डरने लावल्या, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरेपर्यंत थोडं फिरवलं, चोक ओढला.

दुसऱ्या फेऱ्याला पेटलं.

पहिली दोन मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. मी खाली वाकून गळती बघत होते, भाचा ऑइलच्या दिव्यावर नजर लावून. खालच्या होजच्या क्लिपपाशी एक थेंब, आवळला. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून हवा निघू दिली. वरचा होज बराच वेळ गार होता, मग एकदम गरम झाला: थर्मोस्टॅट उघडला. टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटर फिरवला, आवळला. इंजिन गार पडल्यावर कुलंट पुन्हा भरलं, जवळपास अर्धा लिटर बसलं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

साठ किलोमीटर. त्यात मुद्दाम तोच चढ, लो-गिअरमध्ये, दुपारच्या उन्हात. काटा अर्ध्याच्या किंचित खाली, तिथेच. चढ संपल्यावर इंजिन चालू ठेवून उष्णता मोजायच्या बंदुकीने रेडिएटर तपासला: वरची टाकी ८७, खालची ६६, आणि मधल्या जाळीवर कुठेही गार डाग नाही. तुंबलेल्या नळ्या गार राहतात, म्हणून तो डागच शोधायचा असतो.

क्लच थोडा वर धरतो, प्लेट बसल्यावर पाहीन.

२ मार्च, शनिवार

पाचशे किलोमीटरला ऑइल बदललं. फिल्टर कापून कागद उलगडला. काळं आहे, पण चमकणारे कण नाहीत. चुंबकालाही काही चिकटलं नाही. व्हॉल्व्हची टॅपेट गार इंजिनवर तपासली, तिसऱ्याचा एक्झॉस्ट तेवढा ढिला होता, लावला. मागच्या सीलखाली पुठ्ठा रात्रभर ठेवला होता, कोरडा.

आरसीतल्या नोंदीसाठी अर्ज, नंबरची पेन्सिलची घासप्रत आणि जुन्या गाडीची कागदपत्रं एका पाकिटात घातली.

काल गाडी चिखलातून आली होती. भाच्याने मी सांगायच्या आधीच पुढची जाळी काढली आणि नळी इंजिनच्या बाजूने धरली.